भाडेकरू नसलेल्या घराचं भाडं

महाराष्ट्रातल्या बहुतेक महापालिकांच्या हिशेबात तुमच्या घरात तुम्ही राहत नाही, एक भाडेकरू राहतो. तुम्ही त्याला पाहिलेलं नाही, त्याने अनामत रक्कम दिलेली नाही, पोलीस ठाण्यात त्याची नोंद नाही. पण तो आहे, आणि दरवर्षीची घरपट्टी तो देत असलेल्या भाड्यावर बेतलेली असते. १९४९ च्या महापालिका अधिनियमाचा हिशेब थोडक्यात असा : हे घर वर्षाच्या बोलीने भाड्याने दिलं तर वाजवी भाडं किती यावं ते ठरवा, त्यातून दुरुस्तीपोटी १० टक्के वजा करा, उरलं ते करयोग्य मूल्य. यातल्या ‘दिलं तर’ या दोन शब्दांवर अख्खं करसंकलन खातं उभं आहे. हा गृहीत भाडेकरू मूळचा इंग्लंडचा. १८३६ साली तिथल्या पार्लमेंटने गावोगावच्या करआकारणीसाठी केलेल्या कायद्यात त्याचं भाडं नीट लिहून काढलं गेलं. १८८८ च्या मुंबई महापालिका कायद्यातून तो आपल्याकडे आला आणि मग गेलाच नाही. भाडेकरू एकदा आत शिरला की निघत नाही, ही आपल्या घरमालकांची जुनी तक्रार त्याने अशी खरी करून दाखवली. तिकडच्या न्यायाधीशांनी तर पुढे असाही निर्वाळा दिला की, या घराला संभाव्य भाडेकरू कोण हे ठरवताना खुद्द मालकालाही त्या रांगेत धरावं. आपल्याच घराच्या दारात आपण ‘जागा रिकामी आहे का हो?’ म्हणून उभे!

माझं म्हणणं असं की, आकारणीवर हरकत घेणारे लोक हात हलवत परत येतात ते या भाडेकरूशी ओळख करून न घेतल्यामुळे. ते सुनावणीला जातात स्वतःचं गाऱ्हाणं घेऊन, आणि टेबलापलीकडे विषय चालू असतो त्याच्या भाड्याचा. दोघेही एकाच घराबद्दल बोलत असतात आणि दोघांचंही खरं असतं, त्यामुळे भांडण लांबतं पण कुठे पोचत नाही.

आधी हा भाडेकरू देतो किती ते पाहू. समजा, पुण्यात ६०० चौरस फुटांचं घर आहे आणि त्याला दर धरला आहे चौरस फुटाला महिना २ रुपये. महिन्याचं भाडं झालं १,२०० आणि वर्षाचं १४,४००. दुरुस्तीचे १० टक्के गेले की १२,९६० उरतात. मालक स्वतः राहत असेल तर पुण्यात आणखी ४० टक्के सवलत मिळते, म्हणजे ७,७७६. या आकड्यावर टक्केवारीने कर लागतो. आता हा सगळा हिशेब बाजूला ठेवून महिना १,२०० रुपये या आकड्याकडे पुन्हा एकदा पाहा. पुण्यात एवढ्या पैशात हल्ली दुचाकी उभी करायला जागा मिळाली तरी माणूस पेढे वाटेल. आणि तरीही घरमालक तणतणत क्षेत्रीय कार्यालयात जातो आणि म्हणतो, ‘‘साहेब, हे भाडं वस्तुस्थितीला धरून नाही.’’ साहेब सुज्ञ असतात म्हणून गप्प बसतात. ते ‘‘अगदी बरोबर, चला वस्तुस्थितीला धरून करू’’ म्हणाले, तर अर्जदाराला घरी जायला रिक्षाचे पैसे उरायचे नाहीत. हरकत घेणाऱ्याने पहिली गोष्ट शिकायची ती ही, की दराला हात लावू नये. दर हा गृहीत भाडेकरूने आपल्यावर केलेला उपकार आहे.

उलट त्या भाडेकरूला कायद्याने काय काय संरक्षण दिलं आहे ते समजून घ्यावं. १९७९ साली दिवाण दौलतराय कपूर यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की, जिथे भाडेनियंत्रण कायदा लागू आहे तिथे करासाठी धरायचं भाडं हे प्रमाणित भाड्याच्या वर जाऊ शकत नाही, मग ते प्रमाणित भाडं प्रत्यक्षात कुणी ठरवून घेतलेलं असो वा नसो. म्हणजे जो माणूस अस्तित्वातच नाही, त्यालाही घरमालकाने अवाच्या सवा भाडं लावून लुबाडू नये, याची काळजी थेट दिल्लीत घेतली गेली. खऱ्या भाडेकरूंच्या वाट्याला एवढं प्रेम क्वचितच आलं असेल.

सुनावणीच्या खोलीत मात्र घरमालक बोलतो ते रस्त्याबद्दल. मग कचऱ्याची गाडी, कुत्री, बंद दिवे, गल्लीच्या तोंडाशी वर्षभर उघडं असलेलं ड्रेनेजचं झाकण. हे सगळं खरं असतं, कळकळीचं असतं आणि करनिरीक्षकाच्या दृष्टीने संपूर्ण गैरलागू असतं. कारण कर आणि शुल्क यांत फरक आहे. शुल्काच्या बदल्यात काहीतरी मिळावं लागतं, कराच्या बदल्यात विशिष्ट असं काही मिळेलच असं नाही, हा भेद सर्वोच्च न्यायालयाने १९५४ साली शिरूर मठाच्या निकालात स्पष्ट केला. (हे शिरूर उडुपीचं, आपल्या पुणे जिल्ह्यातलं नव्हे. तिकडच्या मठाधिपतींचं मद्रासच्या धर्मादाय खात्याशी भांडण होतं. मठाला जे समजलं ते आपल्या सोसायट्यांना अजून उमगलेलं नाही.) थोडक्यात, खड्डा हा आकारणी कमी करण्याचं कारण होत नाही. तो फार तर स्वतंत्र तक्रारीचा विषय होतो आणि त्याचं टेबल वेगळं, बहुधा मजलाही वेगळा.

यावर कुणी म्हणेल, मग बिलावर ‘लाभ’ हा शब्द छापता कशाला? आक्षेप रास्त आहे. पुण्याचं बिल उघडून पाहिलं तर सर्वसाधारण कर, सफाईपट्टी, अग्निशामक कर, वृक्षसंवर्धन, पथकर अशी बारशाला नावं सुचवावीत तशी यादी लागते, आणि तिच्यात जललाभ कर आणि मलप्रवाह सुविधा लाभ कर हे दोन लाभही असतात. महिन्याला दहा टँकर घेणाऱ्या सोसायटीने ‘जललाभ’ हा शब्द वाचताना चेहरा कसा ठेवावा, याचं मार्गदर्शन बिलामागच्या सूचनांत नाही. पाण्याच्या बाबतीत तर थोडी फटही आहे. पाणीपट्टी लावण्यापूर्वी त्या भागात पुरेसं पाणी उपलब्ध केलं असल्याची जाहीर नोटीस काढण्याची तरतूद कायद्यात आहे, आणि ती नोटीस कधी निघाली हे विचारणारा अर्जदार साहेबांना पहिल्यांदाच पेन खाली ठेवायला लावतो. पण फरक लक्षात घ्या. ‘‘आमच्याकडे पाणी येत नाही’’ हे रडगाणं झालं. ‘‘नोटिशीची तारीख सांगा’’ हा मुद्दा झाला. नळ दोन्ही वेळा कोरडाच आहे.

मग चालतं काय? चालते टेप. मोजण्याची. आकारणीत माणूस खऱ्या अर्थाने चुकू शकतो अशा जागा मोजक्या आहेत आणि त्या सगळ्या अरसिक आहेत : क्षेत्रफळ, बांधकामाचा प्रकार, घर कोणत्या वर्षापासून धरलं, वापर निवासी की बिगरनिवासी, आणि एकाच सदनिकेची दोनदा नोंद झाली आहे का, म्हणजे एकदा बिल्डरच्या नावाने आणि एकदा तुमच्या. ही दुबार आकारणी फार मजेशीर प्रकरण आहे. त्यात एका घरात दोन गृहीत भाडेकरू राहतात, एकमेकांना न भेटता, आणि दोघांचीही थकबाकी तुमच्या दाराला चिकटवली जाते. वापराचंही तसंच. दारावर डॉक्टरांची पाटी दिसली की निरीक्षकाच्या डोळ्यांपुढे दवाखाना उभा राहतो. डॉक्टर पुरातत्त्वशास्त्राचे असू शकतात, ही शक्यता कागद दाखवल्याशिवाय कुणाला सुचत नाही.

पण क्षेत्रफळ हाच खरा रणांगणाचा भाग, आणि तिथेच घरमालकाची गाडी अडते, कारण त्याला आयुष्यात पहिल्यांदाच आपलं घर लहान आहे असं सिद्ध करायचं असतं. हे त्याच्या सगळ्या संस्कारांविरुद्ध आहे. बिल्डरने त्याला घर विकलं ते सुपर बिल्टअपने, म्हणजे जिन्याचा, लिफ्टचा आणि गणपती बसवायच्या कोपऱ्याचा वाटा धरून. त्याने नातेवाइकांना सांगितलं तेव्हा त्यात बाल्कन्या मिळवल्या. मुलाच्या लग्नाच्या वेळी गच्चीही आली. बँकेच्या मूल्यांकनवाल्याला तर समोरची बागसुद्धा दाखवून झाली. २०१६ चा रेरा कायदा येऊन चटई क्षेत्र लिहिणं सक्तीचं झालं, तरी तो आकडा करारनाम्यातच राहिला, बोलण्यात उतरला नाही. आणि आता अचानक त्याच माणसाने खोलीच्या कोपऱ्यात वाकून भिंतीची जाडी मोजायची, बंद केलेली बाल्कनी ही खोली कशी नाही हे पटवायचं आणि ‘स्टडी’ म्हणून मिरवलेल्या जागेला ‘अडगळ’ म्हणायचं. अनेकांना हे जमत नाही. कर कमी व्हावा अशी इच्छा असते, पण घर कमी झालेलं सोसत नाही. बायको शेजारी उभी असेल तर ‘अडगळ’ हा शब्द ओठांवरच विरतो. जास्तीची घरपट्टी हा पुष्कळदा प्रतिष्ठेवरचा कर असतो आणि तो लोक खुशीने भरतात, असं माझं मत होत चाललं आहे.

याहून गमतीचा पुरावा पुण्यातल्या त्या ४० टक्क्यांच्या सवलतीने दिला. स्वतः राहणाऱ्या मालकाला ही सवलत १९७० पासून मिळत होती. मग शासनाला आक्षेप सुचले, २०१९ मध्ये ती बंद झाली, लोकांना वाढीव बिलं गेली, आरडाओरडा झाला आणि २०२३ मध्ये सवलत परत आली. त्याच फेऱ्यात दुरुस्तीची वजावट मात्र १५ टक्क्यांवरून कायद्यातल्या १० टक्क्यांवर आली. ती फारशी कुणाच्या लक्षात आली नाही, कारण १५ मधले ५ जाण्यात ४० जाण्याएवढा आवाज होत नाही. परत आलेल्या सवलतीसाठी ज्यांची सवलत काढली होती त्यांनी ‘पीटी-३’ नावाचा अर्ज भरायचा होता, २५ रुपये शुल्कासह, आणि सोबत जोडायचं होतं सोसायटीचं पत्र, शिवाय मतदार ओळखपत्र, गॅस कार्ड, वाहन परवाना यांपैकी काहीतरी. हे कशासाठी? तर आपण आपल्या घरात राहतो हे सिद्ध करण्यासाठी. या ओळीवर क्षणभर थांबायला हवं. जो कधी नव्हताच त्या भाडेकरूला एका कागदाचीही गरज पडली नाही. त्याचं वास्तव्य कायद्यानेच गृहीत धरलेलं. मालकाला मात्र गॅसचं पुस्तक घेऊन रांगेत उभं राहावं लागलं. आणि गंमत म्हणजे ज्यांनी मुकाट्याने कागद जोडले त्यांचं काम झालं. ज्यांनी ‘‘माझ्याच घरात मी राहतो याचा पुरावा मागता?’’ असं बाणेदार उत्तर दिलं, त्यांचा बाणा शाबूत राहिला आणि सवलत टांगणीला लागली.

आता आक्षेपांकडे वळतो. पहिला आक्षेप शेजाऱ्याचा : ‘‘त्याचं घर तेवढंच, त्याला कमी का?’’ बहुतेक वेळा उत्तर कंटाळवाणं असतं. त्याचं घर आधी नोंदलं गेलं, तेव्हाचा दर कमी होता. तुमचं नंतर आलं. पण खरोखरच चूक असली तर? तर ती दोन दिशांनी सुधारता येते, हे तक्रारदार विसरतो. आपलं खाली येण्याऐवजी शेजाऱ्याचं वर गेलं, तर समता प्रस्थापित होते आणि जिन्यातलं बोलणं बंद होतं. दुसरा आक्षेप व्यवहारी माणसाचा : ‘‘वाचणार किती आणि हेलपाटे किती!’’ एका वर्षाचा हिशेब केला तर हा माणूस बरोबर आहे. पण आकारणी एकदा पुस्तकात बसली की ती वर्षानुवर्षं तशीच पुढे ओढली जाते. आज ५० चौरस फूट जादा लागले, तर ते ५० फूट तुमच्या नातवाकडूनही कर घेतील. तिसरा आक्षेप ओळखीचा. ‘‘महापालिकेत आपला माणूस आहे.’’ आपल्या माणसामुळे खुर्ची मिळते, चहा मिळतो, ‘बघतो’ हा शब्द मिळतो. चौरस फूट कमी झाल्याचं लेखी उत्तर अर्जावरच मिळतं.

चौथा पंथ आहे तो न भरणाऱ्यांचा. अन्याय्य कर भरणारच नाही, म्हणून हे लोक बिल फ्रिजवर चुंबकाने लावून ठेवतात. थकबाकीवर दरमहा २ टक्के शास्ती चढते, म्हणजे वर्षाला २४. एवढं व्याज देणारी बँक कुणी दाखवली, तर हेच सत्याग्रही रात्रीपासून दारात रांग लावतील. शिवाय काही ठिकाणी महापालिका थकबाकीदाराच्या दारात बँड पाठवते. लग्नानंतर घरासमोर पुन्हा बँड वाजण्याचा योग एरवी येत नाही हे खरं, पण या वेळी नाचायला नातेवाईक नसतात.

हरकत फेटाळली गेली की पुढची पायरी न्यायालयाची. १९४९ च्या कायद्यातलं कलम ४०६ अपिलाचा हक्क देतं, आणि देताना हात जरा आखडूनच देतं. मुदत १५ दिवस, आणि वादातली रक्कम आधी महापालिकेकडे जमा केलेली पाहिजे. जो कर चुकीचा आहे असं म्हणायचं, तो आधी भरायचा आणि मग चुकीचा म्हणायचा. ही अट घटनाबाह्य आहे असं अहमदाबादच्या गिरणीवाल्यांनी म्हणून पाहिलं, कारण तेव्हा गुजरातेतही हाच मुंबई प्रांताचा कायदा चालू होता. १९७५ साली अनंत मिल्सच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की, अपिलाचा हक्क कायद्याने दिलेला आहे, त्यामुळे तो कोणत्या अटीवर द्यायचा हेही कायदाच ठरवू शकतो. मला विचाराल तर अट जाचक आहे, पण अगदीच अनाकलनीय नाही. ती नसती तर अपील हा कर पुढे ढकलण्याचा सर्वांत स्वस्त मार्ग झाला असता, आणि सफाई कामगारांचा पगार लघुवाद न्यायालयाच्या पुढच्या तारखेला झाला असता. तरीही ज्याचं बिल दुबार आकारणीने फुगलं आहे, त्याला ‘आधी भर’ म्हणणं म्हणजे खिसा कापल्याची तक्रार नोंदवायला तिकीट लावण्यासारखं आहे, एवढं म्हटल्यावाचून राहवत नाही.

मुंबईत मात्र हा भाडेकरू आता राहत नाही. २०१० पासून तिथे भांडवली मूल्यावर कर आला, म्हणजे गृहीत भाडेकरू गेला आणि त्याच्या जागी गृहीत गिऱ्हाईक आलं. हे गिऱ्हाईक अधिक महत्त्वाकांक्षी निघालं. भूखंडावर आज काय उभं आहे एवढ्यावर न थांबता, पुढे काय उभं राहू शकेल याचीही किंमत ते धरू लागलं. म्हणजे न बांधलेल्या मजल्यांवर कर. घरमालक न्यायालयात गेले. उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये ते नियम रद्द केले आणि ७ नोव्हेंबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केलं : आज आहे ते धरा, उद्याचं उद्या. इथेही जिंकलं ते मोजमाप. ‘आम्ही गरीब आहोत’ असं मलबार हिलवरून कुणी म्हटलं असतं, तर निकाल वेगळा लागला असता.

शेवटचा आक्षेप सर्वांत गंभीर आहे, आणि तो असा, की हे टेपबिप ठीक, पण करच जास्त असेल तर एकेकट्याने भिंती मोजून काय होणार? लढायचं तर सगळ्यांनी मिळून लढावं. इतिहास या बाजूने आहे. १८१० साली कंपनी सरकारने घरपट्टी लावली, तेव्हा बनारसचे लोक घरंदारं सोडून शहराबाहेर मोकळ्या मैदानात जाऊन बसले. घरावर कर का, बरं, हे बघा आम्ही घरातच नाही. कामधंदे बंद पडले आणि शेवटी सरकारला कर मागे घ्यावा लागला. इतिहासाचे अभ्यासक धरमपाल यांनी १९७१ मध्ये या प्रकरणाची कागदपत्रं पुस्तकरूपाने समोर आणली. आपल्याकडेही उदाहरण आहे. २०१७ मध्ये पुण्यात सामील झालेल्या फुरसुंगी आणि उरुळी देवाची या गावांनी वाढीव करासह अनेक तक्रारी मांडल्या आणि शेवटी ती गावंच महापालिकेतून बाहेर पडली. त्यांची वेगळी नगरपरिषद झाली. घराची आकारणी कमी होत नाही तर घरच शहराबाहेर न्यायचं, याहून मोठं यश हरकतीच्या इतिहासात मिळणं कठीण. पण बनारसने काय किंवा फुरसुंगीने काय, ‘माझी खोली दहा फुटांची धरली आहे, ती नऊ फुटांची आहे’ असं म्हटलं नव्हतं. त्यांचं भांडण कर असावा का आणि किती, याचं होतं. त्या भांडणाची जागाही वेगळी आणि वेळही वेगळी. पुढच्या वर्षीचे करांचे दर महापालिकेने २० फेब्रुवारीपर्यंत ठरवायचे, असं कायदा सांगतो. फेब्रुवारीत प्रेक्षकांची गॅलरी रिकामी असते, तेव्हा आपण हुरडा पार्टीत असतो. राग येतो एप्रिलमध्ये, बिलाबरोबर, आणि तो आपण घेऊन जातो ज्या माणसाला दर बदलण्याचा काडीचा अधिकार नाही त्याच्या टेबलापाशी. तो बिचारा फक्त लांबी-रुंदी बदलू शकतो, आणि नेमकी तीच आपण त्याला सांगत नाही.

तेव्हा नोटीस आली असेल तर ती कपाटात कागदांखाली सरकवण्यापूर्वी हरकतीची शेवटची तारीख वाचा, मग क्षेत्रफळाचा आकडा वाचा, आणि करारनाम्याची प्रत काढून तिच्यातला आकडा शेजारी ठेवा. टेप बहुधा घरात असतेच, शिवणाच्या डब्यात. पण ती दीड मीटरची असते आणि ओढली की ताणली जाते, त्यामुळे घर आहे त्याहून लहान भरतं. मोह झाला तरी ती वापरू नका. निरीक्षक स्वतःची घेऊन येतो. पाच मीटरची पोलादी टेप कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळते.